माळ, पाणथळ आणि शिवार : सोलापूर जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षण

सोलापूर जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे चादर, ज्वारी आणि दुष्काळ या तीन गोष्टी उभ्या राहतात. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाकाठचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर महिन्याचा. घनदाट अरण्य येथे नाही, उंच डोंगर नाहीत. असा हा जिल्हा पक्षी पाहण्यासाठी मुद्दाम जावे असा आहे, असे सांगितले तर पुष्कळांना ती जिल्हाभिमानातून आलेली अतिशयोक्ती वाटेल. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. राज्यातील ज्या थोड्या जिल्ह्यांत एका दिवसाच्या प्रवासात गवताळ माळ, विस्तीर्ण जलाशय आणि काळ्या जमिनीचे रब्बी शिवार अशी तीन निरनिराळी पक्षिविश्वे पाहावयास मिळतात, त्यांत सोलापूरची गणना करावी लागेल.

जिल्ह्याची रचनाच तशी आहे. भीमा, सीना, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांतून काळी, खोल जमीन पसरली आहे. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे ती या मातीमुळे. दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यांवर मात्र मुरूम उघडा पडलेला दिसतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, सांगोला या तालुक्यांतून जाताना मैलोगणती लागणारे हे माळ पावसाळ्यात हिरवे आणि दिवाळीनंतर पिवळे पडतात. याशिवाय दुष्काळी कामांतून आणि पाटबंधारे योजनांतून उभे राहिलेले तलाव व उजनीचा प्रचंड जलाशय आहे. माळावरचा पक्षी तलावावर राहावयास जात नाही आणि तलावावरचा माळावर घरटे करीत नाही. म्हणून नवख्या निरीक्षकाने पक्षी ओळखण्यापूर्वी जागा ओळखावयास शिकावे, हे उत्तम.

शासनाने २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरविले. यांतील १२ नोव्हेंबर हा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस, तर ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले मारुती चितमपल्ली यांचा. चितमपल्लींचा जन्म १९३२ साली सोलापुरातच झाला. वनखात्यातील दीर्घ सेवा विदर्भादी भागांत करून ते अखेरीस सोलापूरला परतले आणि जून २०२५ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. पक्ष्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे गोळा करून ती मराठीत रुजविण्याचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. या लेखात पक्ष्यांची जी नावे येतील, त्यांपैकी बहुतेक धनगर, भोई आणि शेतकरी यांनीच ठेवलेली आहेत.

माळावरची वस्ती

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी, सूर्य उगवण्याच्या सुमारास, सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर उभे राहावे. पहिली दहा मिनिटे काहीच दिसत नाही. शहरातून आलेली मंडळी नेमकी याच वेळी कंटाळतात. त्यानंतर गवतातून एखादा चंडोल सरळ वर चढतो आणि गात गात पुन्हा खाली उतरतो. मातीच्याच रंगाचा धाविक पक्षी चार पावले धावतो, थांबतो, वाकून काही टिपतो आणि पुन्हा धावतो. तो थांबला की दिसेनासा होतो. माळटिटवी, तितर, खाटीक, गप्पीदास, बोरीच्या झुडपावर बसलेला नीलपंख, हवेत एका जागी पंख मारीत स्थिर राहणारी कापशी, असे एकेक नाव यादीत चढत जाते.

नऊ-साडेनऊच्या सुमारास पखुर्ड्यांचे थवे आवाज करीत पाण्याकडे जाताना दिसतात. कबुतराएवढ्या या पक्ष्याचे अन्न म्हणजे कोरडे बी, त्यामुळे त्याला रोज पाणी प्यावेच लागते, आणि त्याची पाण्यावर येण्याची वेळ सहसा चुकत नाही. पिले उडू शकत नाहीत. तेव्हा नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवितो आणि ते पाणी पिसांत धरून पिलांपर्यंत नेतो. पिले ती पिसे चोखतात. कोरड्या मुलखात जगण्याची याहून चमत्कारिक युक्ती क्वचितच आढळेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून भोवत्या पक्षी येतात. हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, डोलत डोलत उडतो आणि टोळ, नाकतोडे, उंदीर टिपतो. रात्री हे पक्षी झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. म्हणजे गवत कापले, जाळले किंवा नांगरले गेले की त्यांचा मुक्कामच मोडतो. टोळांचा हा फुकटचा बंदोबस्त आपल्या शेतकऱ्यांना मोलाचा वाटावयास हवा.

माळावरील बहुसंख्य पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, ही गोष्ट सरपंच व ग्रामसेवक यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. टिटवीची अंडी खड्यांसारखी दिसतात. हातभर अंतरावरूनही ती ओळखता येत नाहीत. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस मोठा, खोलगट जागी घातली तर पाऊस कमी, असा समज गावोगाव आहे. तो खरा की खोटा याचा पडताळा शिक्षकांनी मुलांकडून चार-पाच वर्षे नोंदी करवून घेऊन पाहण्यास हरकत नाही. निदान तेवढ्या निमित्ताने घरटी कोठे आहेत हे तरी गावाला कळेल.

माळढोकाची हकिगत

या माळाचा खरा धनी म्हणजे माळढोक. उभा राहिला की सुमारे एक मीटर उंच, नराचे वजन दहा-बारा किलोपर्यंत, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड गणल्या जाणाऱ्यांपैकी एक. नराच्या घुमण्यावरून दख्खनच्या काही भागांत त्याला हूम असेही म्हणत. पावसाळ्यात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून माळाच्या उंचवट्यावर उभा राहतो व घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. वर्षाला एक अंडे, आणि तेही कोल्ह्याकुत्र्यांच्या, गुराढोरांच्या वाटेवर. अशा पक्ष्याची संख्या एकदा घटली की ती भरून निघण्यास किती काळ लागेल, याचा हिशेब कोणासही करता येईल.

नान्नजचे नाव देशभर झाले ते दुष्काळानंतर. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली या भागातील माळांचे काही पट्टे चराईसाठी बंद करण्यात आले. जमिनीची धूप थांबावी, चारा व लाकूडफाटा वाढावा, एवढाच त्यामागे हेतू होता. पक्षी कोणाच्या मनातही नव्हते. परंतु गुरे थांबली, तसे मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते उठली, गवताबरोबर नाकतोडे व भुंगे वाढले आणि या पट्ट्यांत माळढोक निर्धास्तपणे वावरताना दिसू लागला. १९७९ साली शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी देशातील ज्या मोजक्या ठिकाणी राहून माळढोकाचा अभ्यास केला, त्यांत नान्नज होते.

अभयारण्याचे मूळ क्षेत्र मात्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक तालुके त्यात समाविष्ट झाले. एकट्या सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, यावरून व्याप्तीची कल्पना यावी. एवढ्या क्षेत्रात माळ थोडा. खाजगी शेते, गावठाणे, रस्ते आणि बाजारपेठाच फार. खाणकाम, बांधकाम, रस्ते, जमिनीचे व्यवहार यांवर बंधने आली आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात माळढोक पिढ्यान्पिढ्या फिरला, त्यालाच तो अडचणीचा वाटू लागला. कागदावरील अभयारण्य मोठे करून पक्ष्याचा फायदा होत नाही, उलट त्याला शत्रू मिळतात, हे या प्रकरणात प्रशासनास उशिरा उमगले. पुढे पुनर्रचना होऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले.

दरम्यानच्या काळात माळ बदलत गेला. कालव्याचे व विहिरींचे पाणी पोहोचले तेथे ऊस आला, द्राक्षबागा आल्या. शेतकऱ्याने पाणी मिळूनही कुसळीच राखावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण त्याबरोबर विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला उडताना समोरचे कमी दिसते, आणि शरीर जड असल्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तारांना धडकून पक्षी मरणे हे देशभर त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण ठरले आहे. आणखी एक गोष्ट घडली. बंद पट्ट्यांत हौसेने लावलेली झाडे वाढली. दूरवर नजर टाकता आली पाहिजे, ही माळढोकाची पहिली गरज. झाडे दाट झाली तो माळ त्याच्या दृष्टीने माळच राहत नाही.

आज देशात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. नान्नज परिसरात अलीकडच्या वर्षांत एखाद-दुसऱ्या पक्ष्याचे दर्शन घडले तर ती बातमी होते. प्रस्तुत लेखकाने हा पक्षी आयुष्यात एकदाच पाहिला. शाळकरी वयात, १९९०नंतरच्या एका श्रावणात, मामांच्या सायकलवर पुढे बसून आम्ही माळावर गेलो होतो. गवताच्या वर फक्त पांढरी मान आणि काळी टोपी दिसत होती, आणि ती अतिशय सावकाश पुढे सरकत होती. मामा म्हणाले, “नीट बघून घे रे, पुन्हा दिसंल न दिसंल.” ते त्यांनी गमतीने म्हटले होते.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रकल्प चालू आहे, आणि २०२४ साली तेथे कृत्रिम रेतनातूनही पिलू जन्मास आले. ही पिले वाढून उद्या बाहेर सोडावयाची झाली तर ती कोठे सोडणार? त्यांना मोकळा, गवताळ, तारांपासून दूर असा माळच लागेल. नान्नजला तो अजूनही थोडाबहुत आहे. तेथे काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक व पखुर्ड्या आहेत.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. माहिती अधिकारी या नात्याने वृक्षारोपणाच्या अनेक कार्यक्रमांचे वृत्त प्रस्तुत लेखकाने हौसेने दिले आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या माळावर असाच कार्यक्रम झाला. सलग समतल चर खोदले होते, हजारो रोपे आली होती, छायाचित्रेही उत्तम निघाली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेने जाताना एका वृद्ध धनगराची गाठ पडली. रोपे बहुतेक वाळली होती. बोलता बोलता आजोबा म्हणाले, “साहेब, झाडं लावली त्याला माझी ना न्हाई. पर हितं पखुर्ड्या अंडी घालत्यात, ते कुणी इचारलं न्हाई. चर बी नेमके त्यांच्याच जाग्यावर खांदले.” मी त्यांना विचारले, “मग तेव्हा सांगितलं का नाही?” ते म्हणाले, “कुणाला सांगावं? कागदावर तर ह्यो माळ पडीकच हाय की.”

म्हातारबुवांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. महसुली दप्तरात या जमिनीला पडीक, पोटखराबा किंवा गायरान या पलीकडे नाव नाही. जमिनीची प्रतवारी ठरविताना ती पीक किती देते, सारा किती देते हे पाहिले गेले, आणि ते त्या काळी स्वाभाविकच होते. पण त्यामुळे गवताळ माळ हे जंगलाइतकेच जुने, स्वतःचे प्राणी-पक्षी असलेले निसर्गाचे घर आहे, ही गोष्ट दप्तरात कधी शिरलीच नाही. झाड नाही म्हणजे काही नाही, असा समज झाला. लक्ष्यांक पूर्ण करावयाचा असला की पहिली नजर माळावर जाते. मुरूम हवा असला, कचरा टाकावयाचा असला किंवा प्रकल्पासाठी जागा हवी असली तरी नजर तेथेच जाते. झाडे लावू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ओढ्याकाठ, रस्त्याच्या कडा, बांध, गावठाण, शाळेचे आवार या जागा झाडांची वाट पाहत आहेत. माळावर मात्र गवत राखावे, चराई आळीपाळीने ठेवावी, बी पडून गेल्यावर गवत कापावे आणि उन्हाळ्यात वणवा लागू देऊ नये. चारा मिळतो, मातीही धरून राहते.

तलाव आणि यशवंतसागर

पाण्यावरचे पक्षी पाहणे त्यामानाने सोपे. ते मोठे असतात, उघड्यावर असतात आणि थव्याने असतात. सोलापूर शहराच्या उत्तरेस तुळजापूर रस्त्यालगत असलेला एकरुख तलाव, ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणूनही ओळखतात, एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. तेथे हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही काही वर्षी दिसतात. शहरातील सिद्धेश्वर तलावावर बगळे, पाणकावळे व खंड्या हे नेहमीचे रहिवासी शाळेच्या मुलांना काठावरूनच दाखविता येतात.

या पाणपक्ष्यांची मराठी नावे मोठी मजेदार आहेत. चोचीच्या मुळाशी लाल आणि टोकाशी पिवळा ठिपका असलेल्या बदकाला आपल्या लोकांनी हळदीकुंकू म्हटले. सर्वांग काळे आणि कपाळावर ठळक पांढरा टिळा असलेला पाणपक्षी म्हणजे वारकरी. हिवाळ्यात त्यांची संख्या वाढते, आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरकडे माणसांची वारी चालू असताना जिल्ह्यातील तलावांवर हे दुसरे वारकरीही जमू लागतात.

उजनी धरण भीमेवर १९८० साली पूर्ण झाले. त्याचा जलाशय, यशवंतसागर, माढा तालुक्यातील भिंतीपासून मागे करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड असा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. करमाळा तालुक्यातील केत्तूर, कुगाव या बाजूला हिवाळ्याच्या उत्तरार्धात रोहित पक्षी येतात. उंच गुलाबी पायांवर उभे राहून, मान खाली घालून, चोच उलटी करून ते पाण्याखालचा चिखल गाळतात. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून पाणी बाहेर जाते आणि शेवाळ, कीटक, बारीक जीव आत राहतात. हे करण्यासाठी पाणी गुडघाभरच असावे लागते. म्हणूनच धरण तुडुंब असते तेव्हा रोहित कमी दिसतात किंवा उशिरा येतात. कालव्याला पाणी सोडल्यावर पातळी उतरू लागते, काठाचा चिखल उघडा पडतो आणि रोहित, चित्रबलाक, चमचा, शेकाट्या, तुतवार यांची गर्दी होते. अर्थात पाटबंधारे खात्याचे आवर्तन आणि पक्ष्यांचे वेळापत्रक यांचा असा जवळचा संबंध आहे.

याच उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर शेती होते. धरणात जमिनी गेलेल्या गावांचा तो एक आधार आहे, तो नाकारून चालणार नाही. पक्ष्यांना खरा उपद्रव होतो तो अन्यत्रून. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बाजूचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून येथेच येऊन साठते, जलपर्णी वाढते, आणि सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत पक्षी अडकतात. मच्छीमारांच्या होडीतून पक्षी पाहावयास जाणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. होडीवाल्याला चार पैसे मिळतात ही चांगली गोष्ट. परंतु थवा उडताना छायाचित्र चांगले येते म्हणून होडी थव्यावर घालावयास लावणारे पाहुणेही असतात. उपाशी पोटी पुन्हा पुन्हा उडावे लागणे पक्ष्याला किती महाग पडते, हे होडीवाल्यांना पाहुण्यांपेक्षा अधिक कळते. त्यांनी नकार दिला तर ग्रामपंचायतीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

जलाशयाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. बगळे, बलाक अशा पक्ष्यांच्या एकत्र विणीच्या जागेला चितमपल्लींनी सारंगागार असा सुंदर शब्द दिला. आपल्याकडेही गावाकाठच्या चिंचेवर वा बाभळीवर बगळ्यांची लहानमोठी वसाहत असते. खाली घाण होते म्हणून ऐन विणीत फांद्या तोडल्या जातात. ते काम दोन-तीन महिने पुढे ढकलता येते, एवढेच सुचवावेसे वाटते.

शिवारातील पाहुणे

शिवारातील पक्ष्यांविषयी शेतकऱ्याला सांगावयास जाणे हा उद्धटपणा होईल. पावशाने “पेर्ते व्हा” म्हटले की तिफण बाहेर काढावयाची, हे त्याला ठाऊक असते. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा चातक, विहिरीवर लोंबणारे सुगरणीचे खोपे, नांगरामागे फिरणारे गायबगळे, तारेवर बसणारा वेडा राघू आणि कोतवाल, हे सारे त्याच्या नित्याच्या परिचयाचे.

वाद असतो तो भोरड्यांचा. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेल्या या साळुंक्या मध्य आशिया व आग्नेय युरोपातून येतात, आणि जानेवारीत ज्वारी हुरड्यावर आली की हजारोंच्या संख्येने शिवारावर उतरतात. संध्याकाळी मुक्कामाला जाण्यापूर्वी त्यांचा प्रचंड थवा आकाशात ज्या तऱ्हेने वळतो, पसरतो आणि आवळतो, तो देखावा एकदा पाहावाच. माळ्यावर उभे राहून दिवसभर गोफण फिरविणाऱ्या माणसाला मात्र त्यात सौंदर्य दिसण्याचे कारण नाही. भोरड्या टोळ व अळ्याही भरपूर खातात हे खरे असले, तरी ज्याचे कणीस गेले त्याचे समाधान त्याने होत नाही. ज्वारीचे क्षेत्र घटत गेले तसा उरलेल्या पट्ट्यांवर त्यांचा भार वाढणे ओघानेच येते.

गव्हाणी घुबड आणि पिंगळा यांच्याविषयी असा वाद नसावा, पण आहे. उंदरांचा एवढा मोठा शत्रू केवळ अपशकुनी म्हणून मारला जातो. हा विषय शिक्षकांच्या हातचा आहे.

गिधाडांचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही ग्रामस्थास गावाबाहेरील मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे आठवतील. १९९०च्या दशकात ती देशभर झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन ती मरत होती, हे पुढे सिद्ध झाले, आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. गावोगाव शेवटचे गिधाड केव्हा दिसले याची नोंद कोठेही नाही. कारण इतक्या सामान्य पक्ष्याची नोंद ठेवावी, असे कोणास वाटलेच नव्हते.

नोंदवही आणि गट क्रमांक

अशी नोंद ठेवण्याची सोय आता कायद्याने झाली आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा तयार होते आणि कपाटात जाते, हे मान्य केले पाहिजे. शेजारच्या गावच्या वहीतील पक्ष्यांची यादी जशीच्या तशी उतरून घेतलेलीही पाहण्यात आली आहे. त्यात तलाव नसलेल्या गावी बदके होती.

वही जिवंत ठेवण्यास मोठा खर्च नाही. शाळेत एक दुर्बीण, एक सचित्र पुस्तक आणि आठवड्यातून एक सकाळ एवढे पुरे. पक्ष्याचे नाव, दिनांक, वेळ, संख्या आणि तो काय करीत होता हे लिहावे. यात आणखी एक रकाना अवश्य वाढवावा. तो म्हणजे जागेचा गट क्रमांक. पक्षिशास्त्राच्या पुस्तकात हा रकाना सापडणार नाही. परंतु आपल्या प्रशासनाची भाषा ती आहे. “गावच्या माळावर पखुर्ड्या आहेत” या वाक्याचा ग्रामसभेत उपयोग नाही. अमुक गटात सलग तीन वर्षे मार्च ते मे या काळात पखुर्डीची व माळटिटवीची घरटी आढळली, अशी नोंद समोर असेल तर त्या गटावर चर खोदण्याचा, मुरूम उचलण्याचा किंवा सौर प्रकल्पासाठी जागा देण्याचा ठराव येईल तेव्हा चर्चेला आधार मिळतो. कदाचित शेजारचा दुसरा गट निवडता येतो. कदाचित काम दोन महिने पुढे नेता येते. निर्णय ग्रामसभेचाच राहील, पण सातबाऱ्यावर जे नाही ते निदान वहीत असेल.

मोहोळ तालुक्यातील एका गावच्या शाळेत गेल्या हिवाळ्यात अशी वही पाहावयास मिळाली. गुरुजींनी सातवीच्या मुलांना गायरानाचे चार भाग वाटून दिले होते, आणि पक्ष्यांची नावे सांगण्यासाठी दर शनिवारी एका मेंढपाळ आजोबांना शाळेत बोलाविले जाई. वहीत काही नावे पुस्तकातली होती, काही आजोबांनी सांगितलेली, आणि जेथे दोन्ही जुळली नव्हती तेथे मुलांनी पक्ष्याचे चित्र काढून ठेवले होते.

प्रत्यक्ष जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. माळावरील पक्ष्यांसाठी जुलै ते सप्टेंबर हा विणीचा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांचा काळ चांगला. पहाटे सूर्योदयापूर्वी पोहोचावे, भडक कपडे टाळावेत आणि विणीच्या काळात पायवाट सोडून गवतात शिरू नये. नान्नज सोलापूरपासून बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर आहे. अभयारण्यात जाण्यापूर्वी तेथील वन्यजीव विभागाच्या कार्यालयात परवानगी घ्यावी. एकरुख तलावासाठी डिसेंबर-जानेवारी, तर करमाळ्याच्या बाजूने यशवंतसागर पाहण्यासाठी जानेवारीअखेर ते एप्रिल हा काळ योग्य. निघण्यापूर्वी धरणाची पातळी वर्तमानपत्रात पाहून घ्यावी. शिवारासाठी वेगळे कोठे जाण्याची गरज नाही. हुरड्याच्या दिवसांत कोणत्याही गावच्या रस्त्यावर उतरून सायंकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेकडे पाहत उभे राहिले तरी चालते.